'पॅनिक' : एका शब्दाची कुळकथा आणि वैद्याचे कर्तव्य

गेल्या काही वर्षांत आपल्या रुग्णांच्या बोलण्यात एका इंग्रजी शब्दाने चांगलेच बस्तान बसविले आहे. तो शब्द म्हणजे 'पॅनिक'. २०२० साली करोनाच्या साथीत "पॅनिक होऊ नका" हे वाक्य शासनापासून शेजाऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या तोंडी होते. टॅक्सीत आणि बसमध्ये 'पॅनिक बटण' आले. शेअर बाजार कोसळला की 'पॅनिक सेलिंग' होते, आणि चिकित्सालयात येणारा तरुण खुर्चीवर बसता बसताच सांगतो, "डॉक्टर, मला पॅनिक अटॅक येतात." रुग्णाने स्वतःचे निदान स्वतः करून आणावे यात नवल नाही. परंतु हाच शब्द आपल्या व्यवसायबंधूंच्या केसपेपरवर आणि औषधी दुकानांतील बाटल्यांच्या जाहिरातींतही दिसू लागला आहे, आणि ही बाब विचार करण्याजोगी आहे.

एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती पाहणे हा केवळ पंडिती छंद आहे, असे आम्हांस वाटत नाही. ज्या शास्त्रात व्याधीच्या प्रत्येक पर्यायनामाचा अर्थ विचारात घेण्याची परंपरा आहे, त्या शास्त्राच्या अनुयायांनी तरी परभाषेतील संज्ञा वापरण्यापूर्वी तिचे कूळ आणि मूळ तपासावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

'पॅनिक' हा शब्द ग्रीक भाषेतून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी 'पॅन' नावाचा ग्रीक देव आहे. ग्रीसच्या दक्षिण भागातील आर्केडिया हा डोंगराळ, मेंढपाळांचा मुलूख. तेथील हा देव कमरेखाली बोकडाचा, वर माणसाचा. डोक्यास शिंगे, हातात पावा. रानात एकट्या माणसाला अकस्मात अंगावर काटा यावा, शांतपणे चरणारा कळप कोणतेही निमित्त न दिसता एकाएकी उधळावा, असे काही घडले म्हणजे ते पॅनचे कृत्य मानले जाई. या देवाकडून आलेले ते 'पॅनिक' भय. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या आगेमागे प्रथम विशेषण म्हणून आला, पुढे त्याचे नाम झाले आणि अठराव्या शतकापासून तो पैशाच्या बाजारातील घबराटीसही लावला जाऊ लागला.

हा शब्द रानातून रणांगणावर कसा गेला, हेही पाहण्यासारखे आहे. इ. स. पूर्व ४९० मध्ये मॅरेथॉनच्या लढाईपूर्वी अथेन्सचा जासूद स्पार्टाकडे धावत जात असता वाटेत पॅनने त्याला हाक मारून "अथेन्सचे लोक माझी उपेक्षा का करतात?" असे विचारले, अशी कथा हिरोडोटस या इतिहासकाराने नोंदविली आहे. विजयानंतर अथेन्सवासीयांनी नगरदुर्गाच्या पायथ्याशी पॅनचे स्थान निर्माण केले. शत्रुसैन्यात भय पेरणारा देव ही पॅनची ख्याती पुढे वाढतच गेली. इ. स. पूर्व २७९ मध्ये डेल्फीवर चालून आलेल्या गॉल सैन्यात रात्री अशीच घबराट पसरली आणि ते आपसांतच लढून मेले, असे पौसेनियास सांगतो; ज्या भयास कारण नसते ते पॅनपासून येते अशी लोकांची समजूत होती, हेही तो नमूद करतो.

इ. स. पूर्व चौथ्या शतकातील एनियास या युद्धशास्त्रज्ञाने मात्र ह्या भयाकडे देवाचा कोप म्हणून न पाहता व्यवस्थापनाचा प्रश्न म्हणून पाहिले. हा शब्द मूळचा पेलोपोनेसमधील, विशेषतः आर्केडियातील, असे सांगून तो छावणीत घबराट उठल्यास काय करावे याची पद्धत देतो. प्रत्येकाने आपल्या जागी थांबावे, ही केवळ घबराट आहे असा निरोप एकाने दुसऱ्यास द्यावा. झेनोफनने इ. स. पूर्व ४०१ मधील एक प्रसंग दिला आहे. रात्री ग्रीक छावणीत गोंधळ माजला, तेव्हा सेनापतीने दवंडी पिटविली की, छावणीत गाढव कोणी सोडले हे जो सांगेल त्यास चांदीचे बक्षीस मिळेल. दवंडी ऐकताच सैनिकांना भयाचे स्वरूप कळले आणि छावणी शांत झाली. भयाला एखादे कारण दाखविले की भयाची धार बोथट होते, हे त्या सेनापतीने जाणले होते.

आता पॅन या नावाकडे वळू. ग्रीक भाषेत 'पॅन' म्हणजे 'सर्व' असाही एक शब्द आहे. त्यावरून सर्वांना आनंद देणारा तो पॅन, अशी व्युत्पत्ती खुद्द प्राचीन ग्रीकांनीच दिली. पण ती केवळ नादसाम्यावर आधारलेली आहे. आधुनिक भाषाशास्त्रज्ञांपैकी अनेकांनी हे नाव कळप राखणे, रक्षण करणे या अर्थाच्या प्राचीन धातूशी जोडले असून आपल्या वेदांतील 'पूषन्' या देवतेशी त्याचे नाते सांगितले आहे. पूषा हा पशूंचा आणि वाटांचा रक्षक, हरवलेली जनावरे परत आणणारा, आणि त्याच्या रथाला घोडे नसून बोकड जुंपलेले. हे साम्य मोठे लक्षवेधी आहे. सर्वच विद्वानांना ते मान्य नाही, हेही सांगितले पाहिजे. मात्र ते मान्य केल्यास निष्पन्न होणारी गोष्ट मननीय आहे. ज्याच्या नावाने जगाने भय ओळखले, तो मुळात राखणदार होता.

नादसाम्याने होणारी फसगत वैद्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. 'पँडेमिक' या शब्दातील 'पॅन' म्हणजे 'सर्व'. त्याचा या देवाशी संबंध नाही. आपल्या उपवासाच्या वरीचे शास्त्रीय कुलनाम 'पॅनिकम'. तेही लॅटिनमधील एका धान्याचे नाव आहे, भयाशी त्याचा सुतराम संबंध नाही. तिन्ही शब्द कानाला सारखे, तिघांची कुळे वेगळी. लक्षणे सारखी दिसली म्हणून व्याधी एकच समजणारा वैद्य हीच चूक करतो, फरक इतकाच की त्याची किंमत रुग्ण मोजतो.

याउलट जे शब्द परस्परांचे नातलग वाटत नाहीत, त्यांचे मूळ कधी कधी एकच निघते. संस्कृत 'त्रस्' म्हणजे थरथरणे, भिणे. त्यावरून 'त्रास' म्हणजे भय. इंग्रजीतील 'टेरर' हा लॅटिनमधून आलेला शब्द याच प्राचीन मुळाचा. मराठीत मात्र 'त्रास' या शब्दातील भय ओसरून केवळ पीडा उरली आहे. आपण प्रत्येक रुग्णास पहिला प्रश्न विचारतो, "काय त्रास होतो?" जुन्या अर्थाने पाहिले तर आपण त्याला "कशाचे भय वाटते?" असेच विचारत असतो.

याहून महत्त्वाचे उदाहरण 'अँक्झायटी' आणि 'अँजायना' यांचे. एक मनाची चिंता, दुसरा हृदयास रक्तपुरवठा कमी पडल्याने उठणारा छातीतील आवळ. दोन्ही शब्द आवळणे, अरुंद होणे या अर्थाच्या एकाच प्राचीन मुळाकडे जातात, आणि वेदांतील संकटवाचक 'अंहस्' हा शब्दही त्याच कुळातील. विल्यम हेबरडेन या इंग्रज वैद्यकतज्ज्ञाने १७६८ साली हृद्रोगाच्या या आवळाचे वर्णन लंडनमध्ये वाचले, तेव्हा नाव देण्यासाठी त्यास हाच शब्द सापडला. चिंता आणि हृच्छूल यांची अनुभूती किती जवळची आहे, याची साक्ष भाषेनेच देऊन ठेवली आहे. चिकित्सालयात गफलत होते ती नेमकी येथेच.

आता आमचा मुख्य मुद्दा. आपला मराठी रुग्ण, विशेषतः खेड्यातील आणि वयस्क रुग्ण, "मला पॅनिक होते" असे म्हणत नाही. तो म्हणतो, "जीव घाबरा होतो", "घाबरल्यासारखे होते", "छातीत धस्स होते", "पोटात कालवते". यांतील 'घाबरणे' हे बहुधा मनाचे भय नसते. तो शरीराचा निरोप असतो. मधुमेही रुग्णाची साखर औषधामुळे उतरली की त्याला घाम सुटतो, हात कापतात आणि जीव घाबरा होतो. हृदयविकाराचा झटका येणारी प्रौढ स्त्री पुष्कळदा छाती दुखते असे न सांगता दम लागला, मळमळले, जीव घाबरा झाला इतकेच सांगते. हृदयाची लय बिघडणे, कंठस्थ ग्रंथीचा अतिस्राव, पांडुरोग, तमकश्वास, फुप्फुसात अडकलेली रक्ताची गाठ, मद्य किंवा झोपेच्या गोळ्या एकाएकी बंद करणे, अतिरिक्त चहा-कॉफी, सर्दीची काही औषधे, या सर्वांत हीच तक्रार असते. अशा वेळी 'जीव घाबरा होतो' याचे भाषांतर 'पॅनिक' असे करून आपण लेखणी खाली ठेवली, तर ते निदान होत नाही. तो तपास बंद करण्याचा शेरा होतो.

'पॅनिक अटॅक' ही आधुनिक मानसरोगशास्त्रातील संज्ञा खोटी आहे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांमधील धडधडीचे वर्णन डा कोस्टा याने १८७१ साली केले. फ्रॉइडने १८९५ मध्ये चिंताविकाराचे स्वतंत्र वर्णन दिले. आणि १९८० साली अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या वर्गीकरणात 'पॅनिक डिसॉर्डर' स वेगळे स्थान दिले. काही मिनिटांत शिगेस पोहोचणारी तीव्र भीती आणि तिच्यासोबत धडधड, घाम, कंप, श्वास कोंडणे, छातीत दुखणे, भोवळ, मुंग्या येणे, आता मरण येणार असे वाटणे, अशा तेरा लक्षणांपैकी किमान चार, अशी तिची मांडणी आहे. परंतु ही लक्षणे अन्य शारीरिक व्याधीमुळे किंवा एखाद्या द्रव्यामुळे झालेली नसावीत, अशी अटही 'पॅनिक डिसॉर्डर' च्या निदानास घातलेली आहे. आपल्याकडे संज्ञा आली, अट मात्र वाटेतच गळाली.

आपल्या संहितांनी याबाबतीत दाखविलेला विवेक पुन्हा डोळ्यांसमोर आणावा. चरकाचार्यांनी भय हे ज्वराचे आणि अतिसाराचे कारण सांगितले. ओजःक्षयाच्या लक्षणांत भय अग्रस्थानी घातले, म्हणजे भय हे शरीरक्षयाचे लक्षणही होऊ शकते. आणि तेच आकस्मिक भय हिक्केच्या व उन्मादाच्या चिकित्सेत उपाय म्हणूनही सांगितले. एकच भाव कोठे हेतू, कोठे लक्षण, कोठे उपचार. तेव्हा 'भय' एवढ्या एका शब्दावर वैद्याला थांबता येत नाही. येथे ते कोणत्या भूमिकेत आहे, हे त्याने ठरविलेच पाहिजे.

विषचिकित्सेतील 'शंकाविष' या प्रकरणाची तर प्रत्येक वैद्याने पुनरावृत्ती करावी. अंधारात कशाचा तरी दंश झाला आणि विषाच्या शंकेनेच ज्वर, छर्दी, मूर्च्छा, दाह ही लक्षणे उमटली, असा हा रुग्ण. त्यास साखर, द्राक्षा, यष्टीमधु, मध यांसारख्या द्रव्यांचे पान, सांत्वन आणि हर्षण हे उपाय सांगितले आहेत. सुश्रुताचार्यांनी 'सर्पांगाभिहत' या नावाने भित्र्या माणसास सर्पाचा केवळ स्पर्श झाला तरी वातप्रकोपाने शोथ येतो, असे वर्णिले. आचार्यांनी या रुग्णाची हेटाळणी केली नाही, किंवा "तुला काही झालेले नाही" म्हणून त्यास घरीही पाठविले नाही. शंकेने झालेले लक्षण हेही लक्षणच मानले. पण 'शंकाविष' हे नाव देण्याचा अधिकार ज्याने खऱ्या विषाची लक्षणे आधी शोधली त्याच वैद्याला आहे. 'पॅनिक' या नावालाही हाच नियम लागू व्हावा.

'शंकाविष' म्हणजे तंतोतंत 'पॅनिक अटॅक' असे समीकरण मांडून टाळ्या घेण्याचा मोहही टाळावा. आमच्या मते दोन्ही शास्त्रांत साम्य आहे ते वैद्याने करावयाच्या क्रमात. आधी कारणाचा शोध, मग नाव, मग आश्वासन.

कारण न शोधता घबराटीस दोष देण्याची खोड समाजालाही लागली आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची वार्ता पसरताच लाखो लोक शहर सोडून गेले, दुकानांतून टेट्रासायक्लीन नाहीसे झाले. लोकांना दोष देणे सोपे होते. पण तेथील अस्वच्छता आणि विश्वासार्ह माहितीचा अभाव ही कारणे भयाच्या आधीपासून होती. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. 'फूल पडले' हे शब्द 'पूल पडला' असे ऐकले गेल्याने घबराट उडाली, असे वृत्त तेव्हा सर्वत्र आले. क्षणभर ते खरे धरले, तरी जिना अरुंद होता आणि गर्दी अफाट होती, हे सत्य उरतेच. शब्द चुकीचा ऐकला गेला असेल. जिन्याची रुंदी मात्र कोणाच्या कानावर अवलंबून नव्हती.

आपल्या मराठीने हे फार पूर्वी ओळखलेले दिसते. 'पाचावर धारण बसणे' या वाक्प्रचारातील 'धारण' म्हणजे धान्याचा दर. रुपयास पाचच शेर धान्य मिळू लागले म्हणजे लोकांची गाळण उडे, अशी त्याची उपपत्ती सांगितली जाते. भयाच्या नावातच भयाचे कारण नोंदविणारा असा शब्दप्रयोग आमच्या मते 'पॅनिक' या शब्दाहून अधिक शास्त्रीय आहे.

यावरून व्यवहारात काय करावे? प्रथमच असा झटका आलेल्या रुग्णाची नाडी, रक्तदाब, श्वासगती आणि रक्तशर्करा तेथल्या तेथे पाहावी. वय चाळिशीपुढचे असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, श्रमाने त्रास वाढत असेल, मूर्च्छा आली असेल किंवा दरदरून घाम सुटला असेल, तर हृदयाचा विद्युत् आलेख काढून घेतल्याविना 'भय' हा शब्द उच्चारू नये, आणि एकदा आलेख प्राकृत आला म्हणून निश्चिंतही होऊ नये. शंका असेल तर रुग्णास विनाविलंब सुसज्ज रुग्णालयात पाठवावे. त्यात वैद्याचा कमीपणा नाही. शारीरिक कारण नाही असे ठरल्यावर मग आपले क्षेत्र मोठे आहे. रुग्णास लक्षणांचा अर्थ समजावून सांगणे, जलद श्वासामुळेच हातापायांना मुंग्या येतात हे पटवून देणे, संथ श्वासाचा अभ्यास, निद्रा व आहाराची घडी, वातशामक उपक्रम आणि सत्त्वावजय. झटके वारंवार येत असतील तर मानसरोगतज्ज्ञाचे साहाय्य घ्यावे, आणि त्यांनी दिलेल्या गोळ्या रुग्णास आपल्या सांगण्यावरून एकाएकी बंद करावयास लावू नयेत.

औषधालयचालक बंधूंनाही आमची विनंती आहे. चिठ्ठीविना "जीव घाबरतो, काहीतरी द्या" असे म्हणणारे गिऱ्हाईक तुमच्याकडे आमच्या आधी येते. अशा वेळी सर्पगंधायुक्त वटी सहज काढून देणे धोक्याचे आहे. तिने रक्तदाब उतरतो आणि काही रुग्णांत विषाद वाढू शकतो. हृद्रोग, अपस्मार, उन्माद इत्यादी व्याधी बऱ्या करण्याचे दावे जाहिरातींत करण्यास १९५४ च्या केंद्रीय कायद्याने प्रतिबंध आहे, हे आपण जाणताच. 'पॅनिक' हा शब्द त्या यादीत नाही, म्हणून त्यावर रामबाण उपाय विकणे हे कायद्याच्या फटीतून व्यवसाय करण्यासारखे होईल. त्या गिऱ्हाइकास दोन मिनिटे बसवून "घाम आला का? साखरेचे औषध चालू आहे का? छातीत दुखते का?" एवढे तीन प्रश्न विचारून योग्य ठिकाणी पाठविले, तर त्या दिवशी एक बाटली कमी खपेल, परंतु कदाचित एक माणूस वाचेल.

'पॅनिक' हा शब्द वापरू नये, असा आमचा आग्रह नाही. भाषा देवघेवीनेच समृद्ध होते. आग्रह एवढाच की, केसपेपरवर तो लिहिण्यापूर्वी त्याच्या अलीकडची ओळ रिकामी राहू नये. त्या ओळीत काय काय तपासले आणि काय काय आढळले नाही, याची नोंद असावी. आर्केडियातील मेंढपाळाला कळप का उधळला हे दिसत नव्हते, म्हणून त्याने देवाचे नाव घेतले. झुडपाआड लांडगा असेलही. तो त्याला दिसला नसेल इतकेच. आपल्या हाती नाडी आहे, संहिता आहेत आणि आजची साधनेही आहेत. झुडपाआड पाहून येण्याचे काम आपलेच आहे.